करड्या ठिपक्यांची वाटणी

पडद्यावर एकोणिसावा काप आला आणि थोरलीचा माउसवरचा हात थांबला.

दोन डोळ्यांचे दोन पांढरे गोल, त्यांच्या मधोमध नाकाची काळसर भिंत. ही भिंत पुढून मागे सरळ जायला हवी. इथे ती निम्म्यावर येऊन डावीकडे वाकली होती, कुणी कोपर दुमडावं तशी. हे वाकणं थोरलीच्या चांगलंच ओळखीचं होतं. चौतीस वर्षांपूर्वी ते तिनंच करून ठेवलं होतं.

तेव्हा धाकटी सात वर्षांची होती आणि थोरली बारा. झोपाळ्यावर बसून धाकटी म्हणाली होती, "ताई, जोरात ढकल." ताईनं ढकललं, सांगितलं होतं त्याहून जरा जास्तच जोरात. नाकातून भळाभळा रक्त आलं, आईनं थोरलीच्या पाठीत धपाटा घातला, आणि नाक आतून वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. बाहेरून दिसे फक्त किंचित कल. मावशीनं तर बघून सांगूनच टाकलं, की त्या कलामुळे पोरीचे डोळे आणखीनच उठून दिसतात. घ्या! पडूनसुद्धा फायदा धाकटीचाच.

पडद्याच्या कोपऱ्यात नाव नव्हतं. नावं डॉक्टरीणबाईंच्या कपाटात कुलपात असत. मोजणाऱ्यांपुढे नुसता क्रमांक येई. हा एकतीस. नियम साधा होता. ओळखीचं माणूस निघालं तर त्या फायलीला हात लावायचा नाही, बाईंना सांगून मोकळं व्हायचं. नियमांचा कागद टाइप करून भिंतीवर चिकटवला होता तोही थोरलीनंच.

तिनं दाराकडे बघितलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मोजणीदार चहाला गेले होते. ती पहिल्या कापावर परत गेली आणि तिनं पहिली खूण केली.

डोळ्याच्या आत नेमकी किती जागा असते, हे त्या केंद्रात मोजत. डोळ्यात औषध टोचलं तर ते किती जागेत पसरणार, हे माहीत असायला हवं; आणि बाईंचं म्हणणं असं, की सगळ्या जगाला एकाच मापाची चप्पल घालून कसं चालेल? म्हणून माणसाला मोठ्या चुंबकाच्या यंत्रात निजवायचं, डोळ्याचे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे काप फोटोत घ्यायचे आणि प्रत्येक कापावर आतल्या भिंतीलगत रेघ ओढायची. रेघेच्या आतलं क्षेत्रफळ गुणिले कापाची जाडी, आणि पंचेचाळीसेक कापांची बेरीज.

ऐकायला सोपं. अडचण होती ती कडेला. आतला द्रव पांढराशुभ्र दिसे, भिंत काळी. पण दोहोंच्या मधे ठिपक्यांची एक करडी ओळ येई. हे करडे ठिपके कुणाचे, आतल्या जागेचे की भिंतीचे? बाईंनी न्याय करून ठेवला होता: अर्धे याचे, अर्धे त्याचे. रेघ करड्या ठिपक्याच्या बरोब्बर मधून जायला हवी. बारा वर्षं थोरलीची रेघ तिथूनच जात आली होती. आजही तशीच जाते आहे, असंच तिला वाटलं.

शेवटच्या कापानंतर बेरीज आली. उजवा डोळा, पाच पूर्णांक पाच मिलिलिटर.

म्हणजे चहाचा एक चमचा, आणि वर आठ-दहा थेंब.

थोरली खुर्चीत मागे टेकली. जन्मभर ज्या डोळ्यांचं कौतुक ऐकून तिचे कान किटले होते, ते एवढेच भरले. 'डोळे धाकटीचे आणि डोकं थोरलीचं,' असं घरात येणारा-जाणारा म्हणे. म्हणणारा पहिल्या अर्ध्याला धाकटीकडे बघे, आणि दुसरा अर्धा बोलताना मान वळवायचं त्याच्याकडून राहूनच जाई. आणि वळवली तरी काय दिसणार होतं? उणे अकरा नंबरच्या काचा, आणि त्यांच्याआड मसुरीच्या दाण्याएवढे दोन डोळे.

बारा नंबरची फाईल तिला शोधावी लागली नाही. केंद्र सुरू झालं तेव्हा यंत्राची चाचणी म्हणून इथल्याच माणसांचे डोळे घेतले होते, आणि ते क्रमांक पुढे या अभ्यासातही आले होते. त्यातला अंड्यासारखा मागे लांबलेला गोल तिनं बघताक्षणी ओळखला होता. चष्म्याचा नंबर एवढा मोठा असला की डोळा आतून लांब होत जातो, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. नियमानं तोही सोडायला हवा होता. पण स्वतःला झुकतं माप म्हणून द्यायचं नाही, उलट चार वेळा बघून मोजायचं, असं मनाशी ठरवून तिनं तो मोजला होता. आठ पूर्णांक एक.

तिनं कागदाच्या कोपऱ्यावर भागाकार केला.

"जवळजवळ दीडपट," ती पुटपुटली.

"काय दीडपट? पगार?" मोजणीदार दारातून आत येत म्हणाले. "मग पेढे कुठायत?"

"काही नाही हो काका."

तिनं कागद चुरगळून पर्समध्ये टाकला.

मोजणीदार म्हणजे इथले दुसरे मापक. जमीन मोजणीच्या खात्यात छत्तीस वर्षं शेतांच्या हद्दी आखून ते निवृत्त झाले होते, आणि घरी बसून बायकोचा स्वयंपाक मोजण्यापेक्षा हे बरं म्हणून इथे आले होते. प्रत्येक डोळा दोघांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांचा आकडा न बघता. दोन आकड्यांत शंभरात तीनहून जास्त फरक पडला नाही तर यादीत हिरवी चौकट. पडला तर लाल. सोमवारी बाई यादी उघडणार होत्या. आणखी तीन केंद्रं हेच काम सुरू करणार होती, आणि तिथल्या माणसांना कुणाच्या रेघांवरून शिकवायचं ते बाईंना ठरवायचं होतं. 'सगळ्या चौकटी हिरव्या आल्या तर तुझा हात प्रमाण,' त्या म्हणाल्या होत्या. प्रमाण हात. हा शब्द थोरलीनं पंधरा दिवस जिभेवर खडीसाखरेसारखा घोळवला होता.

धाकटीला इथे आणलं होतं तेही तिनंच. चाळिशी उलटलेली पण चष्म्याचं तोंड न बघितलेली माणसं मिळेनात, तेव्हा बाई म्हणाल्या, कुणी आहे का ओळखीत? त्या वेळी नाही म्हणावंसं थोरलीला फार वाटलं होतं.

धाकटी आली त्या दिवशी यंत्र चालवणाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"मॅडम, या तुमच्या सख्ख्या बहीण?"

"हो. का?"

"नाही, सहज."

वीस मिनिटांनी धाकटी बाहेर आली ती लाल डोळ्यांनी. दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत ओले ओघळ होते.

"काय झालं गं?"

"तू म्हणालीस ना, त्या ठिपक्याकडे बघ, अजिबात हलू नकोस? मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. पण ताई, पापणी लववायची की नाही, ते विचारायचं राहिलं."

"लववायची असते, वेडे."

"मग सांगायचंस ना! वीस मिनिटं रडतेय मी आत." आणि ती ओढणीनं डोळे पुसत हसायला लागली.

"दोन वर्षांत इतकं स्थिर माणूस नाही बघितलं मी," यंत्रवाला मागून म्हणाला.

थोरलीनं घड्याळात बघितलं. नुसतं निजून राहण्यातसुद्धा पहिला नंबर हिचाच.

रविवारी दोघी आईकडे जेवायला होत्या. आकडा कुणाला सांगायचा नसतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. भाजी वाढून झाली. मग धाकटीनंच विचारलं,

"ताई, माझे डोळे मोजले का गं? किती भरले?"

"तसं सांगता येत नाही."

"असं काय करतेस? अंदाजे?"

थोरलीनं ताटाशेजारचा चहाचा चमचा उचलून तिच्यासमोर धरला.

"एवढे."

"बस्स?" धाकटीनं चमचा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "आणि तुझे?"

"याच्या दीडपट."

ते म्हणायला तिला चाळीस वर्षं लागली होती. आई जेवता जेवता थांबली. थोरली वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. निदान धाकटीचा चेहरा एवढासा व्हावा, एवढं तरी.

पण धाकटीनं टाळीच वाजवली.

"आई, ऐकलंस? ताईचे डोळे माझ्यापेक्षा मोठे! मी म्हणत नव्हते? रात्री चष्मा काढून झोपायला यायची, तेव्हा काय दिसायचे गं तुझे डोळे. मी जागी राहून बघायचे. तुम्हाला कुणालाच माहीत नाही ते."

"मोठे असून काय करायचे?" आई म्हणाली. "चष्म्याशिवाय तिला स्वतःचं ताट दिसत नाही. भाजी घे."

थोरलीनं भाजी घेतली. बक्षीस हातात पडावं आणि देणाऱ्यानंच आपल्याहून मोठ्यानं टाळ्या पिटाव्यात, तसं तिला झालं. धाकटी तो चमचा अजून डोळ्यासमोर धरून हसत होती. हिला कधी काही लागत कसं नाही? आपण बारा वर्षांच्या असताना ढकललं तेव्हाही रक्त पुसून ही म्हणाली होती, 'ताईनं मुद्दाम नाही केलं.'

सोमवारी यादी उघडली. चाळीस ओळी होत्या. एकोणचाळीस हिरव्या आणि एक लाल.

एकतीस.

"तुझा पाच पूर्णांक पाच, काकांचा पाच पूर्णांक नऊ," डॉक्टरीणबाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "शंभरात जवळजवळ सात. तुझ्याकडून हे कसं झालं?" मग त्यांनीच उत्तर शोधून दिलं. "डोळा हलला असेल. कड फिसकटली की कुणाचाही आकडा हलतो. बघून घ्या दोघं. फोटो खराब असेल तर तसं कारण लिही, एकतीस बाद करू. लाल जाईल आणि तुझी यादी स्वच्छ होईल. दुपारी बारा वाजता मला केंद्रांना कळवायचंय."

त्यांनी कारणाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्या गेल्या. कागदावर तीन ओळींची मोकळी चौकट होती.

मोजणीदारांनी खुर्ची जवळ ओढली आणि दोघांच्या रेघा एकाच कापावर आणल्या. त्यांची निळी, तिची लाल. निळी रेघ जरा थरथरत, कधी करड्याच्या आत, कधी बाहेर जात गोल फिरली होती. लाल रेघ सुंदर होती. सलग, गुळगुळीत, आणि सगळीकडून आत. एकही करडा ठिपका तिनं आतल्या जागेला दिला नव्हता.

त्यांनी पुढचा काप लावला. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक कापावर तेच. अर्धा ठिपका. पाव मिलिमीटर.

"हात घसरला असता तर कुठे आत गेला असता, कुठे बाहेर," मोजणीदार म्हणाले. "हा सगळीकडून सारखाच आत गेलाय."

थोरलीनं मागचे काप लावून बघितले.

"आमच्याकडे एक जण होता. हाताखाली दहा वर्षं होता माझ्या, मोजणीला पक्का. एकदा त्याच्याच भावाच्या शेताची मोजणी त्याच्याकडे आली. त्यानं सांगायला हवं होतं, मला नको म्हणून. नाही सांगितलं. साखळी पुढे टाकताना दर वेळी एक टाच मागे धरायचा. एकच टाच. शेत संपेपर्यंत भावाची निम्मी विहीर गेली." त्यांनी चष्म्याच्या वरून पडद्याकडे बघितलं. "चोर नव्हता हो. शपथेवर सांगितलं असतं त्यानं, की सरळ मोजलं. लोक म्हणतात मापात पाप. मला तर वाटतं, पाप माप घेण्याच्या आधीच झालेलं असतं. माप नुसतं ते दाखवतं."

"मग काय झालं त्याचं?"

"काय व्हायचं? विहीर भावाला परत मिळाली. भाऊ त्याच्याशी बोलतच होता, तसा बोलत राहिला. त्याचाच त्याला जास्त त्रास झाला."

थोरलीनं मनातल्या मनात पुन्हा भागाकार केला. आठ पूर्णांक एकला पाच पूर्णांक नऊनं. दीडपट नव्हतं येत. पण मोठे तर तिचेच येत होते. चांगले ऐसपैस मोठे. रेघ मधून गेली असती तरी ती जिंकलीच असती. हे अर्ध्या ठिपक्याचं चोरटेपण कशासाठी केलं होतं, मग?

तिनं एकोणिसावा काप मोठा केला. कड बघायची म्हणून नव्हे, कारण शोधायचं म्हणून. फिसकटलेली एखादी जागा, एखादी दुहेरी रेषा, काहीतरी. कुठेच काही नव्हतं. पांढरं पांढरं होतं आणि काळं काळं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. बारा वर्षांत इतका नितळ फोटो तिच्यासमोर क्वचितच आला असेल. वीस मिनिटं, पापणीसुद्धा न लववता. ताईनं सांगितलं म्हणून.

बाजूला नाकाची भिंत होती, डावीकडे वाकलेली.

तिनं पेन उचललं. 'डोळा' एवढं लिहिलं, थांबली, आणि ते खोडलं. मग एका दमात लिहून काढलं: 'क्रमांक एकतीस. मापकाने व्यक्ती ओळखली होती. फोटोत कोणताही दोष नाही. व्यक्ती संपूर्ण स्थिर होती.' खाली सही केली आणि कागद मोजणीदारांकडे सरकवला. दोघांच्या सह्या लागत.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"प्रमाण हात गेला म्हणायचा, मॅडम."

"तुमचा होईल, काका."

"माझा कसला! माझा थरथरतो. थरथरतो म्हणून दोन्हीकडे सारखा जातो, एवढंच." त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि उठता उठता म्हणाले, "आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या बारा नंबरालाही तुम्ही असंच केलंय."

"बारा?"

"लांबोडका डोळा आहे बघा एक, अंड्यासारखा. तिथेही निम्म्या कडेचे सगळे करडे ठिपके भिंतीला देऊन टाकलेत तुम्ही. माझा आठ पूर्णांक तीन आला, तुमचा आठ पूर्णांक एक. डोळा मोठा आणि कड निम्मीच, म्हणून फरक हिरव्यात बसला; मग मी बोललो नाही. पण रेघ बघून मला वाईट वाटलं. म्हटलं, या माणसानं काय घोडं मारलंय यांचं?"

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला.

"तो कागद द्या जरा."

तिनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. 'क्रमांक' आणि 'एकतीस' यांच्या मधे जागा फार नव्हती. तिथे तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'बारा व'. मग 'व्यक्ती ओळखली होती'चं 'व्यक्ती ओळखल्या होत्या' केलं, आणि दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे पुन्हा सही केली.

"आणि दोन्हीकडे तुमचाच आकडा धरायला सांगा बाईंना," ती म्हणाली.

मोजणीदारांनी कागद वाचला. पडद्याकडे बघितलं, मग तिच्या चष्म्याकडे. मग तिच्या हातातलं पेन घेऊन दुरुस्तीशेजारी त्यांनीही सही केली.

थोरलीनं चष्मा काढला आणि पदराच्या टोकानं काचा पुसल्या. एक पुसली, दुसरी पुसली. दोन्ही पुसून झाल्या तरी तिनं तो लगेच डोळ्यांवर चढवला नाही.